ड्रायव्हर सीटची झिजलेली कड रंगवायची तयारी, यावेळी तरी नीट

मागच्या खेपेला मी ही सगळी उठाठेव दोन दिवसांत उरकली होती. सीट रंगवून झाली, फोटोबिटो काढले, चार जणांना पाठवले, आणि बरोबर अकराव्या दिवशी गाडीतून उतरताना मांडीला काहीतरी चिकटलं म्हणून बघितलं तर रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा. सापाने कात टाकावी तसा अख्खा. खालचं लेदर होतं तसंच, भुरकट आणि झिजलेलं. कारण एकच, ग्रीस काढलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे आदल्या संध्याकाळी 'लेदर जरा मऊ होऊदे' म्हणून मीच माझ्या हाताने भरपूर कंडिशनर चोळलं होतं, म्हणजे रंग लेदरला लागलाच नाही, तेलावर तरंगत सुकला. आता तेच काम परत काढलंय, म्हणून ही यादी. यातली एक गोष्ट मी पुन्हापुन्हा लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

पहिलं काम म्हणजे काहीही विकत न आणता नुसतं सीटकडे बघणं. झिजते ती जवळजवळ नेहमी दाराकडची कड, म्हणजे बाहेरचा बोल्स्टर. स्पोर्ट्स कारमध्ये सीट खाली जमिनीजवळ आणि दाराचा उंबरठा रुंद, त्यामुळे आपण सीटवर बसत नाही, बोल्स्टरवरून घसरत आत पडतो, आणि उतरताना त्याच कडेवर सगळं वजन टाकून स्वतःला उचलतो. हे काही नवीन नाही, १९५४च्या मर्सिडीज ३०० एसएलचा उंबरठा इतका उंच होता की आत शिरता यावं म्हणून स्टीअरिंगच खाली पाडायची सोय दिली होती, आणि लोटस एलिसमध्ये कधी बसला असाल तर सांगायलाच नको. त्यात जीन्सचे रिव्हेट, पट्ट्याचं बक्कल, मागच्या खिशातल्या चाव्या.

बोट फिरवून झीज कुठवर गेलीय ते ठरवा. आजच्या बहुतेक गाड्यांतलं लेदर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक टॉपकोट असं असतं, त्यामुळे हात गुळगुळीत लागत असेल आणि फक्त रंग उडालेला असेल तर तुम्ही सुटलात, लेदर अजून धड आहे. बारीक भेगा दिसल्या तर फिलर, म्हणजे भेगा बुजवायची पेस्ट लागणार. लव आल्यासारखं मखमली लागलं तर वरचा दाणा जाऊन आतले तंतू उघडे पडलेत, तिथे आधी बाइंडर, म्हणजे सुटे तंतू धरून ठेवणारं द्रव, मुरवायला लागतो नाहीतर रंग कितीही घाला, पीत राहतं. आणि मग अंगठ्याने दाबून बघा. बाहेरचा बोल्स्टर दाबा, लगेच आतला दाबा. बाहेरचा फुसकन आत जात असेल तर फोम बसलाय, आणि फोम बसला की वरचं लेदर ढिलं पडून रोज एकाच जागी घडी पडते, त्या घडीवर जगातला कुठलाही रंग टिकणार नाही. अशा वेळी आधी फोम, मग रंग. फोम बदलणं जमत नसेल तर कुशनवाल्याकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

मटेरियल काय आहे तेही बघा, कारण 'लेदर सीट' म्हणून विकलेल्या सीटमध्ये पुष्कळदा बसायचा भागच लेदर असतो आणि बाजूला, मागे रेक्झिन. रेक्झिनला कंडिशनर-बाइंडर काही मुरत नाही, ते मुळात प्लास्टिक आहे, त्याला त्याचा वेगळा प्रायमर. लेदरवर झीज नसलेल्या जागी पाण्याचा थेंब टाका, थेंब तसाच बसला तर वर कोटिंग आहे, ही यादी तुमच्यासाठी. पटकन मुरून डाग गडद झाला तर ते बिनकोटिंगचं अॅनिलिन लेदर, त्याचं प्रकरण वेगळं, इथेच थांबा. आणि अल्कांटारा असेल तर हे सगळं विसरा. ते चामडं नाहीच, १९७० साली जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतोने शोधलेलं पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं कापड आहे ते, त्यावर लेदरचा रंग लावलात की मखमल जाऊन ताडपत्री होते. मऊ ब्रश, किंचित ओलं फडकं, बस.

सामान एका दमात सांगतो: व्हॅक्यूम, मऊ ब्रश, लेदर क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंगाच्या किटसोबत येणारं प्रेप लिक्विड, पांढरी सुती फडकी (लागतील वाटतात त्याच्या तिप्पट), नायट्राइल ग्लोव्हज, मास्किंग टेप, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, लवचिक फिलर, पाण्यातला लेदर रंग, टॉपकोट, स्पंज, हेअर ड्रायर. बुटाचं पॉलिश नाही. बुटाचं पॉलिश नाही म्हणजे नाही, ते पँटला लागतं आणि वर मेणाचा थर देऊन जातं, म्हणजे पुन्हा ग्रीस.

तर ग्रीस. क्लीनरने सीट घासली, काळं पाणी निघालं, सीट लख्ख दिसली की वाटतं झालं. मलाही वाटलं होतं. क्लीनर मळ काढतो, कंडिशनरचं तेल आणि चमक आणणाऱ्या स्प्रेमधलं सिलिकॉन तो पूर्ण काढत नाही, आणि हे तुम्ही कधी लावलं नसेल तरी गाडी धुणाऱ्याने लावलेलं असतं, नाहीतर डॅशबोर्डवर मारलेला स्प्रे उडून सीटवर बसलेला असतो. घामाचं, हाताचं तेल वेगळंच. म्हणून क्लीनरने धुऊन, पुसून, पूर्ण सुकल्यावर अल्कोहोल. पांढरं फडकं भिजवायचं नाही, ओलसर करायचं, आणि हातभर जागा धरून पुसायची, फडक्याची बाजू बदलायची, परत पुसायची. पहिल्यांदा फडक्यावर पिवळट-तपकिरी काहीतरी येतं, तेच ते. नंतर सीटच्या स्वतःच्या रंगाची फिकट झाक येते आणि लेदरची चकाकी जाऊन सगळीकडे सारखं मॅट दिसायला लागतं, तिथे थांबायचं, हावऱ्यासारखं घासत बसलात तर जो रंग धड आहे तोही उतरेल. अॅसिटोन वापरू नका, बाजूच्या प्लास्टिकचा चिखल होतो. दारं उघडी ठेवा, जवळ सिगरेट-बिगरेट नको.

खरंच निघालं का हे बघायची माझी पद्धत: मास्किंग टेपचा तुकडा दाबून चिकटवा आणि ओढा. टेप आळसावून सुटली, कड आपोआप वर आली, तर ग्रीस अजून आहे, परत पुसा. शिवणीच्या खाचेत आणि बोल्स्टर जिथे बैठकीला मिळतो त्या फटीत खास करून बघा, कंडिशनर तिथेच साठून राहतं, आणि माझा पापुद्रा बरोबर तिथूनच सुटायला लागला होता. आणि हे सगळं पॉलिश पेपर लावायच्या आधी. उलटं केलंत तर तेच तेल पेपरने लेदरच्या आत रगडाल. पुसून झालं की उघड्या हाताने सीटला हात लावायचा नाही, 'किती छान लागतंय' म्हणून तर नाहीच नाही. ग्लोव्हज.

सीट गाडीतून काढायची का? नुसता रंग असेल तर नको, दार पूर्ण उघडून होतं. फोमसाठी काढायचीच असेल तर नीट ऐका, कारण इथे रंग गेला तर फार नुकसान नाही पण एअरबॅग फुटली तर आहे. सीटच्या बाजूला एसआरएस किंवा एअरबॅग असा टॅग असेल तर आत साइड एअरबॅग आहे. सीट पुढे-मागे करून बोल्टपर्यंत हात पोचेल असं आधी करा, इलेक्ट्रिक सीट असेल तर बॅटरी काढल्यावर ती हलणार नाही आणि तुम्ही अर्धे बोल्ट काढून बसाल. मग इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये जितकी मिनिटं दिलीत तितकी थांबा, एअरबॅगच्या युनिटमध्ये चार्ज शिल्लक असतो. त्यानंतरच सीटखालचा पिवळा कनेक्टर. त्या वायरींना मल्टीमीटर लावून बघायची हुशारी करू नका, तेवढ्या करंटनेही बॅग उडू शकते. कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागेल आणि तो विझवायला स्कॅनर शोधत फिराल. काचेला फ्रेम नसलेली दारं असतील तर बॅटरी काढलेली असताना दार लावू नका, काच खाली सरकत नाही आणि रबरावर आपटते. आणि बॅटरी समोरच्या डिकीत असेल, डिकी बटणाने उघडत असेल, तर ती डिकी लावू नका, बस एवढंच सांगतो, हसू नका.

एअरबॅगच्या बाजूची शिवण मुद्दाम फुटेल अशा धाग्याने घातलेली असते. ती उसवली असेल तर घरच्या धाग्याने शिवायची नाही, तिच्यावर फिलर भरायचा नाही, वरून झाकणारं कव्हरही घालायचं नाही. हे काम जाणकाराकडे.

आता दुरुस्ती. तंतू उठलेत तिथे बाइंडर स्पंजने मुरवा, सुकू द्या. भेगांवर ६०० नंबरने हलक्या हाताने नुसत्या कडा मोडायच्या, सुतारासारखं रंधायचं नाही. फाटलं असेल तर फटीतून खाली कापडाचा तुकडा सरकवून लवचिक ग्लूने चिकटवा, फेविक्विकसारखं काही नको, ते काचेसारखं कडक होतं आणि बसलं की कडकन तडकतं. फिलर पातळ पातळ, दोन-तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. जाड थापलात तर वरून सुकतो, आतून ओला राहतो, बसता बसता खड्डा. शेवटी १००० नंबर, भुकटी पुसा.

आणि परत ग्रीस. हो, परत. इतक्या वेळात तुम्ही सीटवर कोपर टेकलेलं असतं, फोन ठेवलेला असतो. एक ओलसर अल्कोहोलचं फडकं, एकदा, हलकं. फिलरवर जोर देऊ नका.

मास्किंगमध्ये बेल्टचं बक्कल, प्लास्टिकची पट्टी, कार्पेट हे तुम्हाला कळतंच. लाल किंवा पिवळी उठून दिसणारी शिवण असेल तर वैताग आहे, बारीक ब्रशने दोन्ही बाजूंनी कडेकडेने जायचं. धाग्याला व्हॅसलीन लावा म्हणजे रंग लागणार नाही असं मला एकाने सांगितलं होतं. व्हॅसलीन! इतका वेळ मी काय ओरडतोय?

रंगाचं एक, काळा म्हणजे एक काळा नसतो. गाडीच्या इंटिरिअर ट्रिमचा कोड बघून रंग मागवा, पण सीट उन्हाने फिकी झालेली असते, म्हणून हेडरेस्टच्या मागे किंवा सीटखाली झाकलेल्या लेदरशी नाही, शेजारच्या चांगल्या भागाशी जुळवा. ओला रंग बघून ठरवू नका, सुकल्यावर तो गडद होतो. लपलेल्या जागी एक ठिपका लावा, हेअर ड्रायरने सुकवा, उजेडात बघा. दमट किंवा थंड हवेत काम काढू नका, थर नीट धरत नाही.

पहिला हात स्पंजने थोडा दाबून, बाकीचे अगदी पातळ, थोपटत, ओढायचं नाही, रेघा उठतात. मधे ड्रायर, लांबून. तीन ते पाच हात लागतात, पहिल्या हातानंतर भयाण दिसतं, घाबरू नका. कड पुढच्या न झिजलेल्या भागात विरवत न्या नाहीतर ठिगळ दिसेल. रंग सुकला की मधल्या घडीवर नखाने जरा खरवडून बघा, पोपडा उठला तर पुढे जाऊ नका, कशामुळे ते तुम्हाला माहितेय.

टॉपकोट मॅट किंवा सॅटिन, ग्लॉस घेतला तर सीट प्लास्टिकच्या खुर्चीसारखी दिसते. दोन-तीन पातळ हात. हाताला सुका लागला म्हणजे पिकला असं नाही, एक दिवस बसू नका, आठवडाभर धुऊ-पुसू नका, बाटलीवर जास्त लिहिलं असेल तर ते ऐका. सीट काढली असेल तर बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (किती जोराने आवळायचं तो आकडा) आवळा, आणि कनेक्टर आधी, बॅटरी शेवटी.

मग बसायची सवय. आधी बूड, मग पाय, उतरताना उलट, हात बोल्स्टरवर नाही उंबरठ्यावर. सीट मागे सारून उतरा. मागचे खिसे रिकामे. फिकी सीट असेल तर नवी कोरी जीन्स घालून बसू नका, निळं उतरतं.

कंडिशनरची ती बाटली मी बायकोकडे ठेवायला दिलीय, महिनाभर मागितली तरी देऊ नको म्हणून सांगितलंय.