मांजराचं हृदय आणि पोट दोन्ही बिघडलंय? या चुका टाळा

आमचा खंडू ओकायला लागला तेव्हा आई फोनवर म्हणाली, "अगं, मांजर म्हटलं की ओकणारच. अंग चाटून चाटून केस गिळतात ती." मलाही ते सोयीचंच वाटलं. आठवड्यातून दोनदा उलटी, कधी केस, कधी नुसता फेस. पुसून टाकलं की विषय संपला. तीन महिन्यांनी सहज वजन केलं, तर ५ किलोचा बोका ४ किलो १०० ग्रॅमवर आलेला. तपासताना डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यांत वेगळाच आवाज ऐकू आला, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, आणि ११ वर्षांच्या एकाच बोक्यात दोन पेशंट निघाले. एक हृदयाचा, एक आतड्यांचा.

या दोन पेशंटांचं आपसात अजिबात पटत नाही. ओकणाऱ्या पोटाला पाणी हवं असतं, खंडूसारख्या भिंत जाड झालेल्या हृदयाला तेच पाणी पेलत नाही. हृदयासाठी दिलेली गोळी अंगातलं पाणी काढते आणि शी खड्यासारखी होते. भूक लागावी म्हणून काही खमंग, खारट पुढे केलं तर ते छातीला भोवतं. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्या आहेत, आणि बहुतेक एकीकडे बघताना दुसरीकडचं विसरल्यामुळे झाल्या आहेत.

"केसच असतील"

लांब केसांच्या मांजराने महिन्या-दोन महिन्यांत केसांचा एखादा गोळा काढला तर ठीक. दर आठवड्याला उलटी आणि सोबत वजन घटतंय, तर तो आजार आहे. आतड्यांची जुनाट सूज, न सोसणारं अन्न, मूत्रपिंड, स्वादुपिंड, म्हाताऱ्या मांजरांत सावकाश वाढणारा आतड्याचा लिम्फोमा (एक कर्करोग), काहीही असू शकतं.

यात एक नाव मुद्दाम वेगळं काढते: थायरॉईड. १० वर्षांच्या पुढचं मांजर, खातंय भरपूर पण वाळत चाललंय, ओकतंय, पातळ शी, आणि काळीज घोड्यासारखं धावतंय, असं चित्र असेल तर पोट आणि हृदय दोन्ही बिघडवणारी गळ्यातली एकच ग्रंथी असू शकते. टी-४ ही रक्ततपासणी त्यासाठीच असते. दोन आजारांची दोन पाकिटं औषधं सुरू करण्याआधी ही तपासणी आणि रक्तदाब बघून घ्या. खंडूचा थायरॉईड व्यवस्थित निघाला, पण ज्यांचा तसा नसतो त्यांच्या मांजरांना एका इलाजात दोन्हीकडे आराम पडू शकतो.

उलटी आणि खोकला यांतही गल्लत होते. मांजर जमिनीशी दबून, मान पुढे ताणून खक् खक् करतं आणि बाहेर काहीच पडत नाही. आपण म्हणतो घशात केस अडकलाय. बऱ्याचदा तो दम्याचा खोकला असतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, तोंडी वर्णनापेक्षा तो दहापट उपयोगी पडतो. आणि याची दुसरी बाजू: हृदयाच्या आजारात कुत्री खोकतात, मांजरं सहसा खोकत नाहीत. त्यामुळे "खोकला नाही, म्हणजे हृदय ठीक" हे समाधान खोटं आहे.

श्वास न मोजणं

घरात करता येण्यासारखी सगळ्यात मोलाची तपासणी फुकट आहे. मांजर गाढ झोपलेलं असताना घड्याळ लावा आणि एका मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. वर आणि खाली मिळून एक श्वास. ३० च्या आत असेल तर चांगलं. खंडूचे २० ते २२ असतात. आकडा वारंवार ३० च्या वर जायला लागला, किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवस चढताच राहिला, तर डॉक्टरांना फोन करायचा. घुरघुरत असताना, उड्या मारून आल्या आल्या, किंवा जागं असताना मोजलेला आकडा धरू नका. मी पहिल्या आठवड्यात घुरघुरणाऱ्या बोक्याचे श्वास मोजून रात्री ११ वाजता डॉक्टरांना उठवलं होतं.

दोन गोष्टींत मात्र मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. एक, तोंड उघडं टाकून श्वास, पोट भात्यासारखं हलतंय, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर. अशा वेळी पाणी पाजू नका, भरवू नका, उगाच उचलून फिरवू नका. दुसरी, मांजर अचानक जिवाच्या आकांताने ओरडतं आणि मागचे पाय ओढत चालायला लागतं. पाय गार लागतात, तळवे फिके किंवा निळसर दिसतात. याला लोक "कुठून तरी पडलं असेल" म्हणतात आणि तेल चोळतात, शेक देतात. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकलेली असू शकते, आणि त्याच्या वेदना भयंकर असतात. चोळणं, शेकणं काही नको. लगेच निघा.

"आज तर पोटाचाच प्रश्न आहे"

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर सांगते. रविवार होता, आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. खंडूला आदल्या दिवसापासून चार उलट्या झालेल्या, अन्नाला तोंड लावत नव्हता. जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" मी उलट्यांचं सांगितलं. हृदयाचं बोललेच नाही. लपवायचं नव्हतं, त्या क्षणी ते डोक्यातच आलं नाही. अंग सुकलेलं होतं, त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. मी सांगितलेल्या तक्रारीवर तो उपचार योग्यच होता. रात्री २ वाजता जाग आली तेव्हा खंडू पलंगाखाली कोपरं फाकवून बसला होता, आणि श्वास ४८. पुढचे दोन दिवस ऑक्सिजन, लघवीची इंजेक्शनं, आणि मी बाकावर.

आता त्याला दवाखान्यात नेण्याच्या पाटीला (टोपलीला) एक कार्ड कायमचं बांधलेलं आहे. वजन, आजारांची नावं, गोळ्या आणि वेळा, झोपेतले नेहमीचे श्वास, आणि लाल पेनने एक ओळ: सलाईन किंवा स्टेरॉईड देण्याआधी हृदयाचं बघा. स्टेरॉईडचं एवढ्यासाठी, की आतड्यांच्या सुजेवर ते नेहमीचं औषध आहे, पण लांब पल्ल्याच्या स्टेरॉईड इंजेक्शननंतर काही मांजरांचं छुपं हृदयाचं दुखणं उघड्यावर आलेलं आहे. याचा अर्थ ते कधीच द्यायचं नाही असा नव्हे. देणाऱ्याला पूर्ण चित्र माहीत असावं, एवढंच. सलाईनचंही तसंच. खंडूला नंतरही ते दोनदा लागलं, पण थोडं थोडं आणि श्वासावर नजर ठेवून.

इथेच इकोबद्दलही सांगते. हृदयाची भिंत जाड होण्याचा हा आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, मांजरांतला सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार आहे. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत त्याची जनुकं सापडली आहेत, पण आपली गल्लीतली मांजरंही त्यातून सुटत नाहीत. आजार असून छातीत वेगळा आवाज नाही, आणि आवाज असून हृदय धडधाकट, दोन्ही घडतं. त्यामुळे नुसत्या स्टेथोस्कोपवर निकाल लावून घेऊ नका. लहान गावात मांजराचा इको करणारं कुणी मिळणं कठीण आहे, हे मान्य. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळ पडेल तिथे आधी फोन करून सोय आहे का, कोणत्या वारी आहे, ते विचारा. आजारी मांजर घेऊन चार तास प्रवास करायचा आणि "मशीन बंद आहे" ऐकून परतायचं, यासारखा मनस्ताप नाही.

ताटातल्या चुका

आमच्याकडे मांजराला दूध-पोळी आणि दहीभात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आजारी आतड्यांना तर नाहीच. दूध बंद केल्यावर पंधरा दिवसांत शी बांधून यायला लागली, अशी दोन घरं माझ्या ओळखीत आहेत.

दुसरी चूक कोकणातली, माझ्या आईची. खंडू जेवत नाही म्हटल्यावर तिने अलिबागहून सुकट पाठवली. तो तुटून पडला, हे खरं. पण सुकटीत वरून मीठ घातलेलं नसलं तरी समुद्राचा खार असतो, आणि खारा बांगडा तर मिठातच मुरलेला. हृदयाच्या पेशंटला तो नको. वासाची गरज असेल तर त्याचं नेहमीचं अन्न किंचित कोमट करा, तेवढ्यानेही मांजर वळतं. माशाचं किंवा चिकनचं कालवण देताना कांदा-लसूण नसलेलंच द्या. कांद्या-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

तिसरी चूक अगदी साधी दिसते: चिकन उकडून त्याचं पाणी ओतून देणं. मांजराच्या हृदयाला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं. ते मांसातूनच मिळतं आणि उकडताना बरंचसं पाण्यात उतरतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडल्यामुळे ढिलं पडलेलं मांजराचं हृदय टॉरिन दिल्यावर सुधारतं. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात ते वाढवलं. भिंत जाड होण्याचा आजार वेगळा, तो टॉरिनने बरा होत नाही, पण आधीच दुखणाऱ्या हृदयाची उपासमार कशाला करायची? म्हणून पाणी चिकनसोबतच द्या, मीठ न घालता. आणि घरात कुत्रा आहे म्हणून त्याचंच खाणं मांजराला देणं बंद करा, त्यात टॉरिन पुरेसं असेलच असं नाही. नुसतं उकडलेलं चिकनही महिनोन् महिने चालत नाही, त्यात कॅल्शियमची वानवा असते.

"एक दिवस लंघन, पोटाला आराम" हा माणसांचा नियम मांजरांना लावू नका. दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, आणि त्यातून मांजर जाडं असलं, तर अंगातली चरबी यकृतात साठून दुसराच जीवघेणा आजार उभा राहतो. पूर्ण दिवस उपाशी गेला की फोन करायचा. उलट टोकाची चूकही तेवढीच वाईट: धाप लागलेल्या मांजराला पकडून सिरिंजने भरवणं. अन्न श्वासनलिकेत जातं.

पोटासाठी डॉक्टरांनी नवं खाणं दिलं, तर ते मळमळ चालू असताना पुढे करू नका. मांजर मळमळीचा राग त्या खाण्यावर काढतं आणि पुन्हा त्याला शिवत नाही. आधी उलटी थांबवा, मग ७ ते १० दिवसांत जुन्यात नवं मिसळत न्या. आणि तो प्रयोग चालू असेपर्यंत घरातल्या सगळ्यांना दम भरा. आमच्याकडे दोन आठवडे शिस्तीत चाललं होतं, मग कळलं की शेजारच्या काकू रोज दुपारी खिडकीतून बिस्किट देत होत्या.

गोळ्या

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी क्लोपिडोग्रेल जबरदस्त कडू असते. माणसांच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर तुकडा मांजराला देतात. तो जिभेला लागला की तोंडाला फेस येतो आणि घरचे "रिॲक्शन आली" म्हणून औषधच बंद करतात. तुकडा छोट्या रिकाम्या जिलेटीन कॅप्सूलमध्ये घालून द्या. कोणतीही गोळी कोरडी देऊ नका, ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. मागून सिरिंजने ५ मिली पाणी, हळूहळू, गालाच्या कडेने. आणि गोळी कुस्करून अख्ख्या जेवणात मिसळू नका. औषधही जात नाही, जेवणही.

लॅसिक्स (अंगातलं पाणी काढणारी गोळी) चालू असताना मांजर भरपूर शू करतं, भरपूर पाणी पितं. लिटर बॉक्स सारखा भरतो म्हणून पाण्याची वाटी उचलून ठेवणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका, आणि स्वतःच्या मनाने गोळी अर्धीही करू नका. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. या औषधाने पोटॅशियम उतरतं, मांजर मलूल होतं, मान खाली टाकतं, शी अडते. मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा टाळू नका.

घरगुती दवा

क्रोसिन एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. पॅरासिटामॉल असलेलं काहीही नको, आयबुप्रोफेनही नको. शी अडली म्हणून एरंडेल नको. लिक्विड पॅराफिन तोंडाने पाजू नका, चव नसल्यामुळे ते गुपचूप फुफ्फुसात उतरतं. औषधाच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमा तर मांजराला विषासमान. इसबगोल चालतो, पण अंगात पाणी असेल तरच, नाहीतर तो आतच गच्च बसतो.

आणि बोका मातीत बसून कुंथतोय म्हणजे शीच अडली असं धरू नका. कदाचित शू अडली असेल. थेंबही पडत नसेल तर तो त्याच दिवशीचा, त्याच तासाचा प्रश्न आहे.

दिवाळीचं एक राहिलं. फटाक्यांच्या दणक्याने असं हृदय बिथरतं, आणि तोच ताण दुसऱ्या दिवशी जुलाबातून दिसतो. आतल्या खोलीत पडदे लावून, पंखा मोठा करून, त्याची गोधडी टाकून ठेवा. पाटी वर्षभर हॉलमध्ये उघडी ठेवली तर दवाखान्याच्या दिवशी पकडापकडी होत नाही. खंडू आता तिच्यातच झोपतो.

कालच्या वहीतली नोंद: श्वास २१. शी एकदा, बांधलेली. उलटी नाही. वजन ४ किलो ४५०. सुकटीच्या डब्यावर दोनदा पंजा मारला.