एका फुटबॉलमधून दुसऱ्या फुटबॉलमध्ये जाताना

रग्बी लीग, रग्बी युनियन, ऑस्ट्रेलियन रूल्स, गेलिक, अमेरिकन फुटबॉल: या सगळ्यांत चेंडू हाताने खेळता येतो, तरी एका खेळातला अव्वल खेळाडू दुसऱ्यात आपोआप अव्वल ठरत नाही. वेग, ताकद, उंच उडी घेऊन चेंडू पकडण्याची हातोटी सोबत येते. मैदान वाचण्याची सवय मात्र नव्याने लावावी लागते. चेंडू आता कुठे जाईल, आपण कुठे उभं राहायचं, कुणाला मोकळं सोडायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. म्हणून बदल करण्याआधी एकच गोष्ट तपासा: नव्या जागी दर क्षणाला किती निर्णय घ्यावे लागणार आहेत?

आधी जागा ठरवा

जेसन रॉबिन्सन २००० मध्ये विगनच्या रग्बी लीग (पुढे नुसतं लीग) संघातून रग्बी युनियनमध्ये (पुढे युनियन) सेल क्लबकडे आला आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने इंग्लंडसाठी ट्राय केला, म्हणजे चेंडू विरोधकाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. तो विंगवर (मैदानाच्या कडेला) किंवा फुलबॅकला (सर्वांत मागे) खेळायचा. चेंडू हाती आला की समोरच्याला चकवून पळायचं, हे त्याचं काम दोन्ही खेळांत जवळपास सारखंच होतं.

सॅम बर्जेसचं गणित इथेच चुकलं. २०१४ मध्ये साउथ सिडनीबरोबर लीगचं विजेतेपद जिंकून तो युनियनमध्ये बाथ क्लबकडे गेला. क्लबने त्याला फ्लँकर (पुढच्या गटातला, चेंडूसाठी झुंजणारा) म्हणून घडवायला घेतलं, तर इंग्लंडने २०१५ च्या विश्वचषकात सेंटरला (मागच्या फळीच्या मध्यभागी) उतरवलं. लीगमध्ये टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) पूर्ण झाला की खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि बचाव करणारे मागे हटतात. युनियनमध्ये टॅकलनंतरच जमिनीवरच्या चेंडूसाठी झुंज, म्हणजे रक, सुरू होते. तिथे कधी घुसायचं आणि कधी बाहेर राहायचं ही समज एका हंगामात येत नाही, आणि दोन जागा एकदम शिकताना तर नाहीच. त्याच वर्षअखेरीस तो लीगमध्ये परतला.

त्यामुळे किमान एक पूर्ण हंगाम एकच जागा, हे क्लब आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक या दोघांकडून आधी ठरवून घ्या. सरावात पहिले १२ आठवडे रोज रकचा छोटा खेळ ठेवा: तीन विरुद्ध तीन, दहा मीटरचा चौकोन. प्रत्येक टॅकलनंतर खेळाडूने ‘घुस’ किंवा ‘सोड’ असं मोठ्याने सांगायचं. उशीर झाला की दंड कशामुळे बसला असता, ते तिथल्या तिथे थांबवून दाखवायचं.

लीगमधून ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये

हा बदल सर्वांत अवघड आहे. लीगमध्ये विरोधक समोर असतो, इथे तो चारही बाजूंनी येतो. मैदान १८५ मीटरपर्यंत लांब असू शकतं आणि ऑफसाइडचा (चेंडूच्या पुढे उभं राहण्याला बंदी घालणारा) नियमच नाही. लीगमधून आलेला इझरायल फोलाऊ ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून २०१२ मध्ये १३ सामने खेळला, गोल झाले दोन. पुढच्याच वर्षी तो युनियनमध्ये गेला आणि तिथे लगेच चमकला. लीगमधूनच आलेला कार्माइकल हंट गोल्ड कोस्टकडून चार हंगामांत ४४ सामने खेळला.

सरावाचा क्रम असा ठेवा. सर्वांत आधी ड्रॉप पंट, म्हणजे चेंडू हातातून सोडून मागे फिरत जाईल अशी किक. बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना पसरा, चेंडू कमरेच्या उंचीवरून मारणाऱ्या पायाच्या रेषेत सोडा, पंजा ताणलेला हवा. १५ मीटरवरून सुरुवात करा, कारण त्याहून जवळची किक झेलली तर मार्क (झेलामुळे मिळणारी बिनअडथळा किक) मिळत नाही. एका सत्रात पहिल्यांदा साठेक किक पुरेत. चेंडू वर उडवून मारला की तो तिरका पडतो आणि बाजूला जातो. किकची संख्या घाईने वाढवली तर जांघेचे स्नायू दुखावतात; कोपनहेगन प्लँक (कुशीवर राहून जांघ बळकट करण्याचा व्यायाम) पहिल्या दिवसापासून करा.

मग हँडबॉल: चेंडू एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, फेकला तर फ्री किक विरोधकाला. पळताना दर १५ मीटरला चेंडू जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. लीगच्या खेळाडूची सर्वांत महाग चूक म्हणजे पाठीमागून दिलेला धक्का. टॅकल खांद्याखाली आणि गुडघ्याच्या वर हवा, पाठीत ढकललं की फ्री किक.

नियमाची सवय किती उशिरा लागते याचं उदाहरण जिम स्टाइन्स. आयर्लंडमध्ये गेलिक खेळणारा हा मुलगा १८ व्या वर्षी मेलबर्नला आला. १९८७ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये (अंतिम सामन्याआधीच्या फेरीत) तो किक घेणाऱ्या विरोधकासमोरच्या जागेतून, म्हणजे मार्कवरून, धावत गेला, दंड म्हणून हॉथॉर्नला १५ मीटर पुढची जागा मिळाली आणि सामना संपल्याच्या भोंग्यानंतरच्या किकने सामना गेला. १९९१ मध्ये त्यानेच ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान) जिंकलं. इतकी वर्षं देण्याची तयारी हवी, आणि तीही कमी वयात.

अमेरिकन फुटबॉल

लीगमधला जॅरिड हेन २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पंट (चेंडू विरोधकाकडे लांब सोपवणारी किक) पकडताना चेंडू हातून सुटला. लीगमधूनच आलेल्या जॉर्डन मेलाटाने हा खेळ आधी कधीच खेळला नव्हता. तो २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) २३३ वा निवडला गेला, दोन हंगाम एकही सामना न खेळता फक्त शिकला, २०२० पासून डाव्या टॅकलला (चेंडू फेकणाऱ्याचं रक्षण करणारी जागा) उभा राहू लागला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बाउल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. त्याची जागा अवघडच आहे. त्याला मिळालेली दोन वर्षं हाच फरक.

ज्यांच्याकडे दोन वर्षं नाहीत त्यांच्यासाठी पंटर, म्हणजे पंट मारणारा, ही जागा आहे. डॅरन बेनेट, सॅव्ह रोका आणि मायकेल डिक्सन ऑस्ट्रेलियन रूल्स खेळूनच तिथे पोहोचले. डिक्सन २०१८ च्या पहिल्याच हंगामात प्रो बाउलमध्ये (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवडला गेला. काम एकच आहे, पण नेमकं आहे:

१. स्नॅप (साथीदाराने मागे फेकलेला चेंडू) सुमारे १५ यार्डांवरून येतो. हात पुढे करून पकडा, शिवण वर फिरवा.
२. उजव्या पायाने मारत असाल तर उजवं, डावं, किक. स्नॅप सुटल्यापासून पाय लागेपर्यंत साधारण दोन सेकंद. ऑस्ट्रेलियन खेळाडू सवयीने तिसरं पाऊल टाकतो आणि किक अडवली जाते.
३. चेंडू आडवा सोडा, टोक किंचित खाली आणि आतल्या बाजूला. हात वर उचलू नका.
४. ४५ यार्ड अंतर आणि हवेत साडेचार सेकंद हे लक्ष्य धरा. चेंडू लांब पण खालून गेला तर तुमचे साथीदार पोहोचण्याआधीच विरोधक पळत सुटतो.

हा चेंडू ३९७ ते ४२५ ग्रॅमचा, ऑस्ट्रेलियन चेंडूपेक्षा हलका आणि टोकदार असतो. सोडताना थोडा कललेला चेंडूही इथे वाया जातो, म्हणून पहिले काही आठवडे किक न मारता नुसता चेंडू सोडण्याचा सराव करा: तो जमिनीवर सपाट पडला पाहिजे.

वेळापत्रकही बघा. लीगचा हंगाम ऑक्टोबरमध्ये संपतो आणि अमेरिकन सराव शिबिरं जुलैअखेर सुरू होतात. हे नऊ महिने जुन्या क्लबच्या करारात अडकलेले नसावेत, आणि त्या करारात परतीची तरतूद जरूर असावी. लुई रीस-झॅमिट २०२४ मध्ये वेल्स सोडून अमेरिकेत गेला आणि २०२५ मध्ये रग्बीत परतला.