बेळगावहून सर पास: बर्फाची तयारी आणि सोबतीचे अल्बम

मे महिन्यात बेळगावात वळवाचा पाऊस पडून गेला की डोंगरांची हौस असलेली मंडळी वैजनाथकडे किंवा चोर्ला घाटाकडे वळतात. त्याच दिवसांत हिमाचल प्रदेशातील पार्वती खोऱ्यात, सुमारे 4,220 मीटर उंचीच्या सर पास या खिंडीत, पाय गुडघ्यापर्यंत रुतेल इतका बर्फ असतो. आपल्याकडे सर पावसाची असते. तिकडच्या बोलीत सर म्हणजे तळे, आणि खिंडीजवळचे ते तळे मे महिन्यात बहुधा गोठलेलेच भेटते. आम्ही चार मित्र ही वाट करून आलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे टिपण लिहीत आहे. एक मत आधीच सांगतो: सोबत सुट्या गाण्यांची यादी नेऊ नये, पूर्ण अल्बम न्यावेत. अल्बमला ठरलेली लांबी असते आणि डोंगरात ती घड्याळाइतकीच उपयोगी पडते.

तयारी निदान सहा आठवडे आधी सुरू करावी. येळ्ळूरचा राजहंसगड यासाठी पुरेसा आहे. पहिले दोन आठवडे रिकामी सॅक घेऊन चढावे आणि नंतर हळूहळू आठ किलोपर्यंत वजन वाढवावे. तांदळाची पिशवी सॅकमध्ये ठेवली तर मोजमापही सोपे होते. बॉन इव्हेर या नावाने अमेरिकन गायक जस्टिन व्हर्ननने केलेला ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ हा अल्बम सुमारे 37 मिनिटांचा आहे. तो संपेपर्यंत न थांबता, पण शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चढत राहायचे, हा आमचा नियम होता. विस्कॉन्सिनमधील वडिलांच्या शिकारीच्या झोपडीत, भर हिवाळ्यात, एकट्याने ध्वनिमुद्रित केलेली ही गाणी व्हर्ननने 2007 मध्ये प्रथम स्वतःच प्रसिद्ध केली होती. एप्रिलच्या उन्हात घामाघूम होऊन ती ऐकताना थोडे हसू येते, पण चाल मात्र आपोआप एकसारखी होते.

दमसास कमावला म्हणजे उंचीची सवय झाली, असे मात्र समजू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे आणि राजहंसगड कितीही वेळा चढला तरी विरळ हवेची सवय होत नाही. आमच्यातला सर्वांत चपळ मित्र, जो रोज सकाळी कॅम्प भागात दहा किलोमीटर धावतो, त्याचेच डोके सर्वांत आधी दुखू लागले. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दर दिवशी साधारण पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, पाणी पीत राहावे, आणि डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा चालताना तोल जाणे सुरू झाले तर वर जाण्याचा हट्ट सोडून खाली उतरावे. उंचीच्या त्रासावरील गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मित्राच्या सल्ल्याने त्या घेऊ नयेत.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. गोवा एक्स्प्रेसने दोन रात्रींत दिल्लीला पोहोचावे, तेथून रात्रीच्या बसने भुंतरला आणि पुढे सुमारे 30 किलोमीटरवरील कसोलला जावे. तेथून ग्रहण गावमार्गे चढ सुरू होतो. वाटाड्याशिवाय ही वाट करू नये.

कपड्यांत जीन्स नको, कारण ती भिजली की वाळत नाही. लोकरीचे मोजे, पाणी आत न घेणारे घोट्यापर्यंतचे बूट आणि अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा यांत काटकसर करू नये. ताजा बर्फ सुमारे ऐंशी टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही चष्मा काढला तर डोळे भाजल्यासारखे होतात. नवे बूट महिनाभर आधी घ्यावेत आणि बाजारात भाजी आणायला जातानाही तेच घालावेत.

खाण्यासाठी गोकाकच्या करदंटापेक्षा चांगली वस्तू मला माहीत नाही. गूळ, डिंक आणि सुका मेवा यांनी भरलेला हा पदार्थ लहानशा तुकड्यातही तरतरी देतो. अडचण एकच, की तो थंडीत दगड होतो. वाटेवरील नगारूच्या तळावर, जेथे वारा तंबूचे कापड रात्रभर फडफडवत होता, आमच्या खानापूरच्या मित्राने अखंड वडी स्टीलच्या डब्याच्या काठावर आपटली. डब्याला पोचा आला, करदंट मात्र जसाच्या तसा राहिला. त्यामुळे घरीच त्याचे सुपारीएवढे तुकडे करावेत, कागदात गुंडाळावेत आणि चालताना दोन-तीन तुकडे अंगाजवळच्या खिशात ठेवावेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीही न्यावी, पण भाकरी डब्यातच ठेवावी, नाहीतर सॅकमध्ये तिचा चुरा होतो.

आता अल्बम. डोंगरात नेटवर्कवर विसंबता येत नाही, म्हणून गाणी घरूनच उतरवून न्यावीत. शक्यतो बँडकॅम्पसारख्या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर अल्बम विकत घेऊन त्याच्या फाइलीच सोबत ठेवाव्यात. कलाकाराच्या हातीही त्यातून बरे पैसे पडतात. 320 केबीपीएसच्या एमपीथ्री स्वरूपात चाळीस मिनिटांचा अल्बम साधारण 96 एमबी जागा घेतो, म्हणजे दहा अल्बमना एक जीबीसुद्धा लागत नाही. फोन विमान मोडवर ठेवावा आणि रात्री पॉवर बँकेसह स्लीपिंग बॅगेत घ्यावा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन गारठलेला असताना चार्जिंगला मात्र लावू नये. आधी तो अंगाच्या उबेने कोमट होऊ द्यावा.

निवड ज्याची त्याची, माझी सांगतो. इंडियन ओशनचा ‘16/330 खजूर रोड’ हा 2010 चा अल्बम बँडने दर महिन्याला एक गाणे इंटरनेटवर मोफत देत प्रसिद्ध केला होता आणि करोल बागेतील ज्या जुन्या बंगल्यात त्यांचा सराव चाले, त्याचा पत्ता हेच त्याचे नाव आहे. त्यातील असीम चक्रवर्तींचा आवाज ऐकताना ते 2009 मध्येच गेले, हे मनातून जात नाही. दुसरा, गायक रघू दीक्षित यांचा 2008 चा पहिला अल्बम. आम्हां सीमाभागातल्यांना तो जवळचा वाटतो, कारण त्यात कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची पदे आहेत. एका रात्री तंबूच्या शिवणीतून पाणी ठिबकत असताना ‘सोरुतिहुदु मनेय माळिगी’ लागले. आमच्या कन्नडभाषक मित्राने अर्थ सांगितला, की घराचे छप्पर गळते आहे. त्यानंतर कोणालाच हसू आवरेना.

तळावर पोहोचताच झोपण्याचा मोह होतो. आमच्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी दुपारच्या झोपेला मनाई केली होती, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि विरळ हवेत डोके अधिक दुखते. आम्ही त्यावर तोडगा काढला: ओले मोजे बदलायचे, गरम पाणी प्यायचे आणि एक पूर्ण अल्बम संपेपर्यंत तंबूबाहेर हळूहळू फिरायचे. ‘एवढे गाणे झाले की झोपतो’ ही सबब अल्बमपुढे चालत नाही.

खिंडीच्या दिवशी इअरफोन सॅकच्या तळाशी असावेत. पहाटेच्या अंधारात निघावे लागते, कारण तेव्हा बर्फ घट्ट असतो आणि ऊन चढल्यावर पाय खोल रुततात. वाटाड्याची हाक आणि पायाखालच्या बर्फाचा आवाज हे दोन्ही ऐकू आलेच पाहिजेत. उतारावर बसून घसरण्यापूर्वी बर्फावर चालण्यासाठी बुटांना लावलेले काटे काढून ठेवावेत, कारण ते बर्फात अडकले तर घोटा मोडतो. पाय जुळवावेत, टाचा उचलून धराव्यात, आणि पुढचा माणूस बाजूला झाल्याशिवाय मागच्याने सुटू नये.

परतताना ओल्या बुटांत दिल्लीतच वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दर काही तासांनी बदलावेत. आम्ही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गाडीत चढलो आणि भोपाळजवळ पिशवी उघडली. समोरच्या बाकावरील आजींनी आम्हांला बूट घेऊन दाराशी जायला सांगितले.