वाहतूक अभ्यासाची वर्गणी: शेजारच्या शहरांनो, या चुका टाळा

दोन शेजारच्या नगरपरिषदा आणि मधल्या एक-दोन ग्रामपंचायती मिळून वाहतूक परिणाम अभ्यास (नव्या बांधकामांमुळे रस्त्यांवर किती गाड्या वाढतील आणि त्या पेलतील का, याची मोजणी) करायचं ठरवतात, तेव्हा पहिल्याच बैठकीत चहा येण्याआधी विषय निघतो: कोणी किती द्यायचे? तिथून पुढे घोडं पेंड खातं. टक्केवारी ही शेवटी काढायची गोष्ट आहे. आधी प्रश्न ठरवा, मग मोजणीच्या जागा, मग मोजणीचे दिवस. खर्च त्यातूनच निघतो आणि वाटणीही त्यातूनच निघते.

प्रश्नाऐवजी मथळा लिहिणं

ठरावात ‘शहरातील वाहतूक कोंडी सोडविणेबाबत’ एवढंच असेल तर सल्लागार त्याला हवं ते मोजेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं उदाहरण घ्या. ती खेड तालुक्यात आहे, पण कामगारांच्या गाड्या चिपळूणकडूनही येतात आणि खेडकडूनही. इथे विचारायचं ते असं: वसाहतीत नवे कारखाने आले तर पाळी सुटताना कोणत्या नाक्यावर किती गाड्या वाढतील आणि त्या नाक्याला त्या पेलतील का? प्रश्न इतका नेमका असला की कोणाला कुठलं उत्तर हवंय ते कळतं. ज्याला उत्तर नकोय त्याने पैसे का द्यावेत, हा वादही मग आधीच मिटतो.

ज्याच्यामुळे गाड्या वाढणार त्याला विसरणं

नवा मोठा गृहप्रकल्प, मॉल किंवा गोदाम येणार म्हणून अभ्यास होत असेल, तर पहिला वाटा त्या प्रकल्पाकडे मागा. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. त्या अर्जात वाहतुकीची माहिती विकासकाला द्यावीच लागते. ती मागवून बघा. अपुरी असेल तर वाढीव मोजणीचा खर्च त्याच्याकडून घ्या. नगरपरिषदांनी स्वतःच्या तिजोरीतून तेच आकडे पुन्हा काढण्यात शहाणपण नाही.

2011 च्या लोकसंख्येवर वाटणी

सगळ्यांना सोपी वाटणारी आणि सगळ्यात वादाची पद्धत हीच. जनगणनेचे हाताशी असलेले आकडे 2011 चे. त्यानंतर कोकणात वाढ झाली ती शहराच्या हद्दीबाहेर. रत्नागिरीला खेटून असलेली नाचणे, शिरगाव, कुवारबाव, मिरजोळे ही गावं बघा. शहर कुठे संपलं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. जुन्या आकड्यांवर वाटणी केली तर हद्दीतल्या लोकांनी हद्दीबाहेरच्या गाड्यांचे पैसे भरायचे, असं होतं. आणि लोकसंख्येला ट्रक कुठे माहीत असतात? जयगड बंदरातून निवळी तिठ्याकडे (तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात तो नाका) जाणाऱ्या अवजड गाड्यांचा रस्त्यालगतच्या गावांच्या डोक्यांशी काही संबंध नाही.

त्यापेक्षा मोजणीच्या जागांवर वाटा. समजा अभ्यास 12 लाखांचा आहे आणि तीन संस्था आहेत. बैठका, नकाशे, अहवाल हा सामाईक खर्च 3 लाख. तो तिघांत सारखा, म्हणजे प्रत्येकी 1 लाख. उरलेले 9 लाख 18 नाक्यांच्या मोजणीचे, नाक्याला 50,000. शहराचे 10 नाके, दुसऱ्या संस्थेचे 5, तिसरीचे 3. म्हणजे शहराला एकूण 6 लाख, दुसऱ्या संस्थेला साडेतीन, तिसरीला अडीच. हद्दीवरचा नाका आला तर निम्मा-निम्मा. फायदा असा की एखाद्या सदस्याने सभेत ‘आमच्याही तिठ्यावर मोजा’ म्हटलं की त्याची किंमत तिथेच सांगता येते. हौसेचे नाके आपोआप गळतात.

चुकीच्या आठवड्यात मोजणी

इथे मात्र थांबून विचार करा, कारण कोकणातले बरेच अहवाल इथेच वाया जातात. आपल्याकडे वर्षभर एकच वाहतूक नसते. आंब्याच्या मोसमात पेट्या भरलेले टेम्पो वाशीकडे धावतात आणि मे महिन्यात त्यात पर्यटकांच्या गाड्या मिसळतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदराबाहेर मासळीच्या गाड्या दिसत नाहीत. मग गणपती. चाकरमानी उतरतात, सगळे नाके तुंबतात, आणि सल्लागाराला वाटतं हीच खरी गर्दी. पण त्याच दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना ठराविक काळ बंदी असते. म्हणजे गणपतीतल्या मोजणीत कार भरपूर, ट्रक गायब. तेवढ्यावर जर कोणी नाक्याची रचना केली, तर ऑक्टोबरात कंटेनर वळताना दुकानाच्या पायरीला लागणारच.

रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1972 च्या मार्गदर्शिकेत शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी सांगितली आहे: एकदा सुगीच्या गर्दीत, एकदा मंदीच्या दिवसांत. निविदेत हे लिहिलं नाही तर कमी दराची निविदा म्हणजे एका मंगळवारी सकाळी आठ ते रात्री आठ, एवढंच. दर कमी का आला ते मग विचारू नका. दोन्ही संस्थांना दोन वेगळे मोसम हवे असतील (बंदराच्या गावाला मासळीचा, महामार्गावरच्या गावाला मे महिन्याचा) तर दोन फेऱ्या करा. फेरी ज्याला हवी, तिचा खर्च त्याचा.

याला जोडून एक बारीक गोष्ट. गाड्यांचं वजन, म्हणजे एक गाडी किती कारइतकी धरायची ते, एकाच मापाने धरा. काँग्रेसच्याच ग्रामीण रस्त्यांच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत कार 1, दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस 3 अशी एककं आहेत. शहरी रस्त्यांची एककं वेगळी आणि मिश्रणाप्रमाणे बदलणारी. हद्दीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं माप लावलं की तोच ट्रक दोन वजनांचा होतो आणि वाटणीचा वाद पुन्हा उकरला जातो.

रस्त्याचा मालक बैठकीत नसणं

पैसे नगरपरिषदेचे, तिठा महामार्गाचा. पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, त्यापुढे सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे; आतले रस्ते कुठे बांधकामचे, कुठे जिल्हा परिषदेचे, वसाहतीतले एमआयडीसीचे. यांना पहिल्या बैठकीचं पत्र गेलं नसेल तर अहवालातला एकही बदल होणार नाही. त्यांनी पैसे नाही दिले तरी चालेल. मोजणीची पद्धत मान्य असल्याचं लेखी मात्र घ्याच.

पैशांची फाईल

निविदा एकाच संस्थेने काढावी, बाकीच्यांनी आपला वाटा कार्यादेशाआधी (सल्लागाराला काम सुरू करायचं पत्र देण्याआधी) वेगळ्या खात्यात भरावा. ‘अहवाल आल्यावर देऊ’ या आश्वासनावर काम सुरू केलंत, की मधे आचारसंहिता येते, मुख्याधिकारी बदलतात, 31 मार्च उलटतो आणि नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ती तरतूदच नसते. ग्रामपंचायतीकडून वाटा घेताना तो कुठून येणार तेही विचारा. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 26 या काळातल्या निधीत 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. त्यातून वाहननाक्याची मोजणी दाखवली तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. करारात जीएसटीसह रक्कम की जीएसटीशिवाय, ते लिहा. वाढीव खर्चाची कमाल मर्यादाही लिहा.

आधीच बिनसलं असेल तर

एका संस्थेने वाटा थांबवला असेल तर आधी कारण शोधा. बहुतेक वेळा रक्कम खटकत नसते, मसुद्यातली एखादी शिफारस खटकते: एकेरी वाहतूक, हलवलेला रिक्षाथांबा, नाहीतर वडापच्या (माणशी भाड्याने प्रवासी नेणाऱ्या खासगी) गाड्यांना बंदी. अशा वेळी मोजणी आणि शिफारशी वेगळ्या करा. मोजणीचा भाग सगळ्यांच्या सहीने स्वीकारा, त्याचे पैसे चुकते करा. शिफारशींवर प्रत्येक सभेला आपापलं मत नोंदवू द्या. नाहीतर शिमगा गेला तरी कवित्व उरतं तसं होतं, सल्लागार बिल मागत राहतो.

आणि एखादी संस्था बाहेरच पडली, तर तिच्या हद्दीतल्या नाक्यांची मोजणी वगळून सुधारित कार्यादेश द्या. तिचा वाटा बाकीच्यांवर टाकू नका. हद्दीवरचे नाके मात्र ठेवा, त्यांचा पूर्ण खर्च उरलेल्यांनी उचलावा. शेवटची सही करण्याआधी सल्लागाराकडून छापील अहवालाबरोबर तासातासाच्या मोजणीचे मूळ तक्ते एक्सेलमध्ये मागून घ्या, प्रत्येक संस्थेला एक प्रत. ते हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही, हे कलम करारात पहिल्या दिवशीच घाला.