तळ्यातील सूक्ष्मजीव कसे पाहावेत आणि त्यांचे काम कसे ओळखावे

गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीव पाहताना नमुना नेमका कोठून घेतला, याला सूक्ष्मदर्शकाइतकेच महत्त्व द्यावे. एकाच तळ्याच्या पृष्ठभागावर, दगडावरील बुळबुळीत थरात आणि तळच्या गाळात वेगवेगळे जीव राहतात आणि त्यांची कामेही वेगळी असतात. म्हणून तीन स्वच्छ बाटल्या घेऊन एकीत वरचे पाणी, दुसरीत जुन्या टूथब्रशने खरवडलेला थर आणि तिसरीत गाळ घ्यावा. प्रत्येकीवर जागा, तारीख व वेळ लिहावी. बाटल्या पाऊणच भराव्यात, सावलीत ठेवाव्यात आणि नमुने त्याच दिवशी पाहावेत. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दाट तवंग असेल, तर तो विषारी नीलहरित जीवाणूंचा असू शकतो, त्यामुळे त्याला हात लावू नये.

काचपट्टीवर एक थेंब घेऊन त्यावर कव्हरस्लिप (थेंब झाकणारी पातळ काच) तिरकी धरून हळूच टेकवावी, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. सुरुवात 40 पट विवर्धनाने करावी आणि प्रकाश कमी ठेवावा, कारण हे जीव पारदर्शक असतात आणि झगझगीत उजेडात दिसेनासे होतात. पॅरामेशियम हा चपलेच्या आकाराचा एकपेशीय जीव फार वेगाने पळत असेल, तर थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू टाकावेत.

खरवडलेल्या थरात व्हॉर्टिसेला सापडली, तर तिथे थांबून पाहावे. घंटेच्या आकाराच्या या जीवाच्या तोंडाभोवतीचे केसल, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, पाण्यात भोवरा निर्माण करून जीवाणूंना आत ओढतात आणि जरा धक्का लागताच त्याचा देठ स्प्रिंगसारखा आक्रसतो. या साध्या दृश्यात तळ्याच्या अन्नव्यवहाराचा मोठा भाग सामावलेला आहे. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य मासे खाऊ शकत नाहीत. ते जीवाणू शोषून घेतात, जीवाणूंना व्हॉर्टिसेलासारखे एकपेशीय आदिजीव खातात, आदिजीवांना रोटिफर व पाणपिसवा हे सूक्ष्म प्राणी खातात आणि अशा रीतीने ते द्रव्य माशांपर्यंत पोहोचते. तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारणपणे 10 लाखांच्या आसपास जीवाणू असतात, पण 400 पट विवर्धनावरही ते ठिपक्यांएवढेच दिसतात.

त्याच थरातील सोनेरी-तपकिरी डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, सिलिकाच्या काचेसारख्या कवचामुळे सहज ओळखू येतात. ते प्रकाशसंश्लेषण करून अन्न व प्राणवायू निर्माण करतात. वरच्या पाण्यात मण्यांच्या माळेसारखी ॲनाबिना (एक नीलहरित जीवाणू) दिसल्यास तिच्यातील फिकट, जाड भिंतीच्या पेशी शोधाव्यात, कारण हवेतील नायट्रोजन त्या पेशींतच बांधला जातो, म्हणजे जीवांना वापरता येईल अशा रूपात बदलला जातो.

गाळातील जीवाणूंचे काम मात्र आकारावरून कळत नाही. काळा रंग आणि सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर तेथे प्राणवायू नसून सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जीवाणू आहेत, असे समजावे. त्यांचे काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1880 च्या दशकात योजलेली पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते. उंच पारदर्शक बरणीत गाळ, कागदाचे कपटे व थोडा अंड्याचा बलक मिसळून भरावा, वर तळ्याचे पाणी ओतावे, झाकण सैल ठेवावे आणि बरणी खिडकीपाशी काही आठवडे न हलवता ठेवावी. वेगवेगळ्या जीवाणूंच्या कामामुळे बनणारे हिरवे, जांभळे व काळे पट्टे हळूहळू वेगळे होऊ लागले, की प्रत्येक पट्ट्याची सीमा बरणीवर तारखेसह आखून ठेवावी.