वाचन आणि भाषाशिक्षणात पदव्युत्तर पदवी : खानदेशातल्या शिक्षकांनी सुरुवात कुठून करावी

अभ्यासक्रम निवडायच्या आधी पंधरा दिवस आपल्याच वर्गातल्या मुलांचं मोठ्याने वाचणं ऐका. एका वहीत छापील शब्द आणि मुलाने उच्चारलेला शब्द शेजारीशेजारी लिहीत चला. अमळनेर किंवा साक्रीकडे तिसरीतलं मूल 'डोळा'चं 'डोया' वाचतं, 'काळा'चं 'काया' वाचतं. दुसरं एखादं मूल 'किती'चं 'कती' करतं. तिसरं सगळं खडाखडा वाचतं, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. धडगावच्या वर्गात चौथाच प्रकार असतो. तिथल्या पहिलीच्या मुलाची घरची भाषा पावरी असते आणि शाळेतली मराठी त्याच्या कानावर नुकतीच पडू लागलेली असते. यातलं काय तुम्हाला सर्वांत जास्त सतावतं, त्यावर पुढची पदवी ठरते.

शिकवण्याची पद्धत, मूल्यमापन, अभ्यासक्रम हा तुमचा ओढा असेल तर एम.एड. घ्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एन.सी.टी.ई.) २०१४च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं. बी.एड.ला ५० टक्के लागतात. डी.एड. आणि पदवी अशी वाट असेल तर दोन्हीला ५० टक्के हवेत. आरक्षित प्रवर्गाला सवलत आहे. महाराष्ट्रात प्रवेश राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या एम.एड. सीईटीतून आणि पुढे कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांतून होतो, म्हणून डिसेंबरपासूनच त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. एम.एड.ला तासांची ८० टक्के आणि क्षेत्रकार्याची ९० टक्के हजेरी सक्तीची आहे. नोकरी सांभाळून ती भरत नाही. 'हजेरीचं बघून घेऊ' असं कोणी म्हटलं तर तिथे प्रवेश घेऊ नका, कारण पुढे पदवीच वादात सापडते.

रजा मिळणार नसेल तर इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) एम.ए. शिक्षणशास्त्र दूरस्थ पद्धतीने करता येतं. त्याला किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात. दूरस्थ प्रवेशाला आता डेब-आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी-क्रमांक लागतो, तो आधी काढून ठेवा. स्वाध्याय मराठीत लिहिता येत नाहीत, याची तयारी असू द्या. शिवाय हे एम.ए. म्हणजे एम.एड. नव्हे. पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल तर त्या पदाची पात्रता आधी वाचा.

बोलीचे ध्वनी, शब्दरूपं, वाक्यरचना यांतच जीव रमत असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं भाषाविज्ञानाचं एम.ए. उत्तम. त्यासाठी मात्र पुण्यात राहावं लागेल. एम.ए. मराठी बरेच जण सोयीचं म्हणून करतात, पण त्यात मुख्यतः साहित्य असतं. सहा वर्षांचं मूल अक्षर कसं ओळखतं, हे तिथे फारसं हाती लागत नाही.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असाल तर प्रवेशाआधी लेखी पूर्वपरवानगी घ्या. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा अर्ज वर जायला वेळ लागतो, म्हणून सीईटीचा अर्ज भरतानाच तोही द्या आणि पोच जपून ठेवा. परवानगी नसेल तर पदवी मिळूनही सेवापुस्तकात नोंद अडते.

आता लघुशोधप्रबंध, म्हणजे पदवीसाठी स्वतः करायचं छोटं संशोधन. खरं शिकणं इथे होतं आणि बहुतेकांची गाडीही इथेच रुतते.

पहिली चूक विषयाच्या आकाराची. 'जळगाव जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमधील वाचन समस्यांचा अभ्यास' हा विषय एका माणसाला पेलत नाही. 'इयत्ता तिसरीच्या अहिराणीभाषक मुलांच्या प्रकट वाचनातील बोलीरूपे आणि त्यांचे आकलन' हा पेलतो. अहिराणी आणि पावरी बोलणारी मुलं एकाच नमुन्यात घालू नका. अहिराणी मुलाला मराठी ऐकून बरीचशी कळते, अडचण उच्चारात आणि रूपांत असते. तो 'माझा'ला 'मना' म्हणतो, 'तुझा'ला 'तुना'. पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी दुसरी भाषा म्हणून शिकायची असते. दोघांची सरासरी काढली तर ती दोघांबद्दलही काही सांगत नाही.

दुसरी चूक मोजमापाची. इंग्रजीतले 'मिनिटाला इतके शब्द' हे मापदंड उचलून मराठीला लावले जातात. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. 'शाळेतल्या मुलांबरोबरसुद्धा' हे मराठीत दोन शब्द, इंग्रजीत निदान चार-पाच. म्हणून शब्दांऐवजी मिनिटाला बरोबर वाचलेली अक्षरं मोजा. आपली लिपीही निराळी आहे. ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ रूपं धरली तरी ४०८ अक्षरचिन्हं होतात, जोडाक्षरं वेगळीच. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर, हे मुलाच्या डोळ्यांना सवयीनेच जमतं. 'कती' तिथून येतं.

कृती अशी. साठ ते ऐंशी शब्दांचे दोन उतारे स्वतः लिहा. पाठ्यपुस्तकातले घेऊ नका, मुलांना ते पाठ असतात. दोन्ही उताऱ्यांत जोडाक्षरं आणि 'ळ' असलेले शब्द साधारण सारख्याच संख्येने ठेवा. पाच मुलांवर करून पाहा. पाचही जणांना सोपा किंवा पाचही जणांना अशक्य वाटलेला उतारा बदला. चोवीस मुलं हवी असतील तर तीस निवडा, गळती होतेच. प्रत्येकाला एकेकटं बसवून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि त्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. नंतर ऐकताना चार खुणा वापरा : मात्रा चुकली तर 'मा', जोडाक्षर फुटलं तर 'जो', अक्षर गळलं तर 'ग' आणि घरच्या बोलीचं रूप आलं तर 'बो'.

'बो' कधीही चुकांत धरू नका. 'डोया' वाचणाऱ्या मुलाने छापलेला 'ळ' ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या जिभेवरचा शब्द उच्चारला. ते वाचनच आहे. त्याला चूक धरणारं संशोधन अहिराणी घरातल्या मुलाला कच्चं ठरवतं, आणि असे निष्कर्ष पुढे वर्गावर्गांत फिरतात. 'बो' खरंच बोली आहे की चुकीचा अंदाज, हे पडताळायला मुलाला गोष्ट घरच्या भाषेत परत सांगू द्या. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर येणारी व्यक्ती सोबत बसवा. लेवा बोलीतही 'केळी'ची 'केयी' होते, म्हणून मुलाची घरची बोली कोणती हे पालकांना विचारून नोंदवा. गावावरून किंवा आडनावावरून ठरवू नका.

सहा ध्वनिमुद्रणं दुसऱ्या शिक्षकाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. जुळलेल्या खुणा भागिले एकूण खुणा गुणिले शंभर. ८५च्या खाली आलं तर खुणांच्या व्याख्या सैल आहेत. त्या नीट करा आणि सगळं पुन्हा तपासा.

वेळेचा हिशेब सातपुडा धरून करा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जातात आणि मुलंही सोबत जातात. होळीच्या आगेमागे अक्कलकुवा-धडगावचे वर्ग रिकामे असतात. शाळा जूनच्या मध्यात उघडते. शिकवल्याने वाचनात काय फरक पडतो हेही पाहायचं असेल तर पूर्वचाचणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मधे बारा आठवडे अध्यापन आणि उत्तरचाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी, असं बसवा. मार्गदर्शकाची आराखड्याला मान्यता मेच्या अखेरीस हातात हवी, तरच हे जमतं. एप्रिलमध्ये उतारे तयार असले तर मार्गदर्शकही लवकर होकार देतात, कारण त्यांना तपासायला काहीतरी ठोस मिळतं.