कांथ्याच्या टाक्याची गोधडी, नागपूरच्या थंडीसाठी

गोधडी करायचे मनात असेल तर तुकडे उन्हाळ्यात कापून जोडून ठेवा आणि हाताचे टाके दिवाळीनंतर घाला. नागपुरात तरी हाच क्रम बरा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, मांडीवर तीन थरांचे ओझे आणि बोटांना घाम. मग सुई सटकते आणि फिक्या दोऱ्यावर मळ चढतो. मशीनचे काम मात्र कूलरसमोर बसून होऊन जाते. मी सक्करदऱ्याला ब्लाऊज-ड्रेस शिवते. लग्नसराईत कतरणीचे पोते भरते, त्यातले चांगले सुती तुकडे उन्हाळाभर वेगळे काढते आणि थंडी पडली की गोधडी हातात घेते.

वरचा थर आजच्या पद्धतीचा ठेवायचा: मोठी मोकळी जागा, मोजके रंग, तुकड्यांची गर्दी नाही. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावदोऱ्याच्या समांतर रांगा. ही पद्धत बंगालची. तिथल्या बाया जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून, साडीच्याच काठातून काढलेल्या रंगीत दोऱ्याने कांथा शिवत आल्या. आत कापूस भरायची गरज त्यांना पडली नाही. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या गोधडीचा टाकाही हाच, पण तो बरेचदा कडेने चौकोनात फिरत आत जातो. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायांची गोधडी, म्हणजे कवंदीही अशीच कडेकडून मध्याकडे शिवली जाते. कांथ्याच्या सरळ रांगांत दोऱ्याचा ताण लपत नाही. म्हणून डिझाईन किंवा रंगापेक्षा दोरा किती ओढायचा, हे शिकण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते.

कापड

सुतीच घ्या. कापसाच्या मुलखात राहून गोधडीत पॉलिस्टर भरणे मला पटत नाही, आणि ते कामालाही अडचणीचे आहे: सुई अडते, घडी बसत नाही, अंगाला गरम लागते. शंका असेल तर दोन-चार सूत काढून जाळून पाहा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ पडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ब्लाऊजच्या कतरणीतले केंब्रिक आणि परकराचे सुती पॉपलीन उत्तम. रुबिया घेताना मात्र ही परीक्षा कराच, त्यात मिसळ असते. खण, सॅटीन आणि जरीचे तुकडे मोह पाडतात, पण ते धुण्यात वेगवेगळे आटतात. त्यांना दुसऱ्या कामासाठी ठेवा.

मोकळ्या जागेसाठी मला मांजरपाट आवडते. इतवारी-गांधीबागेच्या बाजारात ते हवे तेवढे भेटते, फक्त पन्हा विचारून घ्या. मांजरपाट बरेच आटते, म्हणून कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करा. रंगीत तुकड्यांचे वेगळेच. प्रत्येक रंग ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून इस्त्री फिरवा. फडके रंगले तर तो तुकडा पुन्हा पुन्हा धुवा, आणि तरीही रंग जात राहिला तर काढून टाका. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने बाजारातल्या कापडाचा रंग पक्का होत नाही. गर्द लाल आणि काळ्या तुकड्यांवर माझा लवकर विश्वास बसत नाही.

मागच्या बाजूला आणि मधल्या थराला जुन्या सुती साड्या. आईच्या घरी हातमाग होता. ती कुठलीही साडी दारातल्या उजेडात धरायची आणि दोन्ही अंगठ्यांनी कापड बाहेरच्या बाजूला हलके ताणायची. सूत बाजूला सरकून जाळी दिसली की ती साडी गोधडीला चालत नाही. निऱ्यांचा खालचा भाग आणि बसण्याची जागा आधी विरते, तिथे तपासा. पदराकडचा भाग सहसा धड निघतो. आपल्याकडची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि आता कधीची बंद आहे, पण कुणाच्या ट्रंकेत अजून तिचे जुने कापड निघते. धड असेल तर मधल्या थराला त्यासारखे दुसरे काही नाही.

माप आणि जोड

एका माणसाच्या पांघरुणासाठी ६० बाय ८४ इंच पुरते. ६ इंचांच्या घरांत विचार करा: आडवी १० आणि उभी १४, मिळून १४० घरे. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जाते, म्हणून चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा. पण सगळे १४० चौकोन कापत बसू नका. मोकळ्या जागेत चार घरे रुंद आणि सहा घरे उंच असा एकच मोठा तुकडा येत असेल तर तो साडेचोवीस बाय साडेछत्तीस इंचांचा कापा. सहाच्या पाढ्यात अर्धा इंच मिळवला की कुठलाही मोठा तुकडा बसतो.

रंगीत तुकडे एका कोपऱ्यात दाट आणि तिथून विरळ होत गेलेले मला पाहायला आवडतात. संत्र्याचा रंग, निळीचा गडद निळा आणि थोडा मोहरी, बाकी सगळे मांजरपाट. जमिनीवर मांडून, खुर्चीवर उभे राहून वरून पाहा आणि मोबाईलवर फोटो काढा. फोटोत दोन सारखे रंग शेजारी आलेले पटकन लक्षात येते.

जोड मशीनवर मारा, टाका बारीक ठेवा. आता एक गोष्ट मशीन-गोधडीपेक्षा वेगळी करायची: शिवणीचे दोन्ही पदर एका बाजूला न पाडता उघडून, दोन दिशांना इस्त्री करायची. एका बाजूला पाडले तर तिथे जाडी वाढते आणि हाताची सुई प्रत्येक जोडावर अडते. चार कोपरे जिथे भेटतात तिथे तर बोटच दुखते.

थर बसवणे

साडेपाच मीटर साडीचे ९०-९० इंचांचे दोन तुकडे करून लांबीत जोडले की मागची बाजू एका साडीत होते. वरच्यापेक्षा ती चारही बाजूंनी ३ इंच मोठी ठेवा, कारण टाके घालताना कापड आत ओढले जाते. मधल्या थराचे दोन भाग एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून जोडा, नाहीतर मधोमध जाड पट्टी राहते. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचे तापमान ८-१० अंशांवर येते, तेवढ्याला एक साडी मधे पुरते. म्हाताऱ्या माणसासाठी दोन घाला. पिंजलेला कापूस कांथ्याला नको. त्याने टाका लहान धरता येत नाही आणि दोन धुण्यांत कापूस गोळा होतो.

फरशी पुसून कोरडी करा. मागची बाजू उलटी अंथरून कडांना चिकटपट्टीने फरशीवर धरा. ताठ हवी, ताणलेली नको. त्यावर मधला थर, त्यावर जोडलेला वरचा थर. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने सारखा करा. मग वेगळ्या रंगाच्या साध्या दोऱ्याने लांब कच्चे टाके, मधून बाहेर, चार-चार बोटांच्या अंतराने, आडवे आणि उभे. सेफ्टी पिनांवर भागवता येते, पण कांथ्यात दोरा पिनेत सारखा अडकतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि यात घाई चालत नाही. इथे राहिलेली चुणी नंतर निघत नाही.

टाका

दोरा पर्ल कॉटनचा, म्हणजे भरतकामाचा पीळदार, चमकदार सुती दोरा, ८ नंबर. भरतकामाचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत, नागपुरात बर्डीवर किंवा महाल भागात, विचारा. १० ग्रॅमच्या गुंड्यात ८०-८५ मीटर असतो. अर्ध्या इंचाने रांगा घातल्या तर या मापाच्या गोधडीला चार गुंडे लागतात, एका इंचाने घातल्या तर दोन. सगळे एकदम आणि एकाच लॉटचे घ्या. पर्ल नाही मिळाला तर भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची, ५ किंवा ६ नंबरची. सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होत जाते. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सवय नसेल तर पहिल्या दिवशी नकोसे वाटते, तरी काढू नका.

दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा कापडातून जाता जाता झिजतो, त्याची चमक जाते. गाठ एकच आणि लहान. रांगेपासून बोटभर दूर, वरच्या थरातून सुई घालून मधल्या थरातून रांगेच्या सुरुवातीला काढा आणि हलका झटका द्या. गाठ वरच्या कापडातून आत शिरते, पुढे-मागे कुठेच दिसत नाही.

आता हात. उजव्या हातातली सुई जवळजवळ स्थिर ठेवायची आणि डाव्या हाताने कापड तिच्यावर चढवत न्यायचे. डाव्या हाताची तर्जनी खाली असते. सुईचे टोक तिला जेमतेम टेकले की समजायचे तिन्ही थर धरले गेले, आणि लगेच टोक वर वळवायचे. असे चार-पाच टाके सुईवर घ्या आणि मग अंगुस्तानाने सुई पुढे ढकला. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली जागा तेवढीच किंवा किंचित कमी. भरतकामाची रिंग लावू नका. ताणलेल्या कापडावर सुईला असे टाके भरता येत नाहीत. कांथा मांडीवरच शिवावा.

दोरा ओढला की थांबा आणि त्या चार-पाच टाक्यांवरून अंगठा दाबत रांगेच्या दिशेने फिरवा. कापड पुन्हा सपाट झाले पाहिजे आणि दोरा वर पोकळ राहता कामा नये. मग गोधडी दिव्यासमोर तिरपी धरा. टाक्यांच्या मधे कापड अगदी थोडे उचललेले दिसले तर ताण बरोबर आहे. रांगेच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या तर दोरा जास्त ओढला गेला. सुईच्या टोकाने टाके एकेक करून सैल करा, उसवायची गरज नाही. कांथ्याच्या अंगावर जी बारीक लहर असते ती आणायला म्हणून दोरा ओढणाऱ्या पोरी मी पाहते. थोडी लहर टाक्याने येते आणि उरलेली पहिल्या धुण्यात सूत आटल्यावर. ओढून आणलेली लहर सगळीकडे सारखी नसते, आणि गोधडी मधे आखूड व कडेला झालरीसारखी होते.

पहिली रांग मधोमध. मग वर आणि खाली वीत-वीत अंतरावर एकेक रांग घालत कडेपर्यंत जा. यामुळे थर धरले जातात. नंतर मधल्या जागा भरा, त्याही मधून बाहेर. रांग आखायला गडद कापडावर सुकलेल्या साबणाची चिपटी आणि मांजरपाटावर पट्टी ठेवून सुरीची बोथट पाठ ओढा. उमटलेली घडी टाका घालेपर्यंत टिकते. पेन्सिल नको. दर दोन इंचांनी एक रेघ आखा, मधल्या रांगा नजरेने घाला. नजरेने घातलेली रांग थोडी हलते, आणि मला ती हवीच असते.

वरच्या रांगेतल्या टाक्याखाली पुढच्या रांगेत टाकाच आला तर कापडावर उभ्या पन्हळी उठतात. टाक्याखाली मोकळी जागा आली तर पोत बारीक आणि सारखा होतो. मोठ्या मोकळ्या जागेत मी दुसरी पद्धत घेते. दोन्ही मिसळू नका, निदान एका भागात तरी नाही.

दोरा संपताना बोटभर उरला की सुई थरांच्या मधून रांगेतच मागे नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा. नवा दोरा दर रांगेत वेगळ्या जागी लागेल असे पाहा, सगळे जोड एका ओळीत आले तर तिथे कमजोरी येते. रोज तास-दीड तासाच्या वर बसू नका. मान दुखायला लागली की टाके मोठे होतात.

गोट आणि धुणे

सगळ्या रांगा झाल्या की कच्चे टाके काढा आणि कडा सरळ कापा. गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या लागतात, म्हणजे साधारण अर्धा मीटर कापड. सरळ कडेला उरेबची, म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीची, गरज नाही. पट्ट्या तिरप्या शिवणीने जोडून, लांबीत दुमडून इस्त्री करा. समोरून मशीनने लावा आणि मागे हाताने हेमिंग करा. कोपऱ्यापाशी पाव इंच आधी थांबून पट्टी वर दुमडा, मग खाली, की कोपरा तिरका बसतो.

पहिले धुणे एकटीचे, थंड पाण्यात, सौम्य साबणाने. पिळू नका, गुंडाळून दाबा. नागपूरच्या उन्हात रंग उडतो, म्हणून सावलीत, आणि एका दोरीवर न लटकवता दोन-तीन दोऱ्यांवर पसरून वाळवा. ओली गोधडी एकाच दोरीवर टाकली की तिच्याच वजनाने रांगा ओढल्या जातात. उन्हाळ्यात ठेवताना प्लास्टिकची पिशवी वापरू नका, जुन्या धोतरात बांधा आणि पावसाळ्यात एखाद्या कोरड्या दिवशी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला.